वायर इकडे, वायफाय तिकडे

३ जून
साबणाच्या कारखान्यातला माझ्या प्रोबेशनचा शेवटचा महिना. परवा ऑफिसातल्या कुणाचा तरी मोबाईल वायफायवरून थेट पॅकिंग मशीनपर्यंत पोहोचला आणि मशीन बंद पडलं. साहेबांनी काम माझ्यावर सोपवलं: मशीनच्या वायरी आणि ऑफिसचं वायफाय यांची फारकत करायची. तपासणी नीट पार पडली तर पर्मनंट करू म्हणाले. वर हसले. त्या हसण्याचा अर्थ लावत बसायचं नाही, असं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत लावला. चांगला नसावा.

५ जून
योजना साधी आहे. मशीन चालवणारा छोटा संगणक, म्हणजे पीएलसी असतो, तसाच आणखी एक आणायचा, दोन तोंडांचा. एका तोंडाला मशीनच्या वायरी, दुसऱ्याला वायफाय. किती वड्या झाल्या एवढे आकडे बाहेर जातील, आत काहीही येणार नाही. म्हणजे उंबऱ्यावर बसलेली खमकी सासूच. घरी दादा म्हणाला, आणि सासूवर नजर ठेवायला तू. दुर्लक्ष केलं.

१० जून
पीएलसी बसवला. वायफायवरून मशीन शोधलं. सापडलं नाही. पुन्हा शोधलं. मी उगाच काळजी करणाऱ्यांतली नाही, पण शाळेत जायच्या आधी आईनं घरी जे शिकवलं त्यातला पहिला धडा हाच: कुलूप लावलं की ओढून बघायचं.

१२ जून
आजपासून दिवसातून एकदाच तपासायचं.

१२ जून, दुपारी
सकाळचं धरायचं नाही. तेव्हा हजेरी लागायची होती.

१४ जून
सारखं पीएलसीच्या पॅनेलपाशी जावं लागतं. पॅकिंगवरच्या मावशींनी विचारलं, मॅडम, काही हरवलंय का? लोकांच्या कामात व्यत्यय नको, म्हणून युक्ती केली. पॅनेलशेजारच्या कपाटात माझा जुना लॅपटॉप ठेवला. त्याला मशीनची वायरही जोडली आणि वायफायही. तो दोन्हीकडे डोकावतो आणि फारकत शाबूत आहे की नाही ते मला मोबाईलवर कळवतो. आता मन शांत.

१७ जून
बसमध्ये पाहिलं, शाबूत. जेवताना पाहिलं, शाबूत. आई म्हणाली, ताटात बघ.

२० जून
उद्या तपासणी. इतकी चोख व्यवस्था साहेबांनी पाहिलीच नसेल. कौतुक झालं तर नम्रपणे खाली बघायचं. आरशात करून पाहिलं. जमतंय.

२१ जून
तपासणीच्या बाई आत यायच्या आधी पार्किंगमध्येच थांबल्या. मोबाईल काढला. इकडे पॅकिंग मशीन थांबलं. मग आत येऊन त्यांनी वायरीचा माग काढला, तो थेट कपाटापर्यंत.

"पीएलसी उत्तम लावलाय. त्यातून मुंगीसुद्धा जायची नाही," त्या साहेबांना म्हणाल्या. "सगळं या लॅपटॉपमधून जातंय. कुणाचा आहे?"

त्याच वेळी माझ्या खिशात मोबाईल वाजला. फारकत शाबूत असल्याचा मेसेज होता.

मी नम्रपणे खाली बघितलं.

प्रोबेशन आणखी सहा महिने वाढलं. घरी सांगितलं की कंपनी मला सोडायला तयार नाही. आई बरं म्हणाली. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ग्लासात पाणी ओतलं. एकही टोमणा मारला नाही. म्हणजे प्रकरण खरंच गंभीर आहे.