तिसऱ्या मुड्यातलं गोल

८ फेब्रुवारी, रविवार. माकुणसार.
मने, हे कधी वाचलंसच तर आधी सांग, तुझा जेवणाचा डबा कुठाय? माझ्याकडे. मागच्या रविवारपासून. तुझी आई लिहून घेतेय, ती साक्षीला.
आता माझं. डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना माझ्या आईची नथ चुन्याच्या डबीत घातली, डबी बियाण्याच्या मुड्यात खुपसली. कोणत्या, ते... मुडे सात. भात पेंढ्यात गच्च आवळलेलं. दोन नणंदेला दिले, कोळगावला. तिला कोणत्या तोंडाने विचारू? घरचे पाच पेरणीआधी सोडले तर कीड लागून बियाणं जाईल.

११ फेब्रु., बुध.
मनूला फोनवर सांगितलं. डब्याचं उट्टं काढलं तिने, पोटभर हसली. मग म्हणाली, बोईसरला आमच्या कंपनीत हातात धरायचं यंत्र बनतंय. मिलिमीटरच्या बारीक लहरी पेंढ्यातून आत जातात, धातूवर आपटून परत येतात, लपलेल्या वस्तूचा आकार सगळ्या बाजूंनी पडद्यावर. साहेबांना विचारून आणते.

१५ फेब्रु., रवि.
यंत्र इस्त्रीएवढं. मनू मुड्याभोवती फिरली. चित्र फाटकंतुटकं. हात हलतो म्हणे, एकसारखं फिरता येत नाही. मी म्हटलं, तू कशाला फिरतेस, मुड्याला फिरव. जातं पुसलं, वरच्या दगडावर मुडा ठेवला, खुंटा धरून मी सावकाश फिरवत राहिले. सून तेव्हा हसत होती, आता गंभीर होऊन लिहितेय.
पहिले दोन कोरे. भातात फार खोल दिसत नाही, असं मनूच म्हणाली. म्हणजे नजर माझ्या मोतीबिंदूइतकीच.
तिसऱ्यात पेंढ्यालगत काहीतरी गोल, चपटं. मी बोटांनी डबीचा आकार दाखवला.
"तेवढंच हाय, आजी. सोडू?"
"नाय. पेरणीला सुटंल तो."
मने, बाटलीचं झाकणही असेल. मुडे बांधताना तुझा बाप सोडा पीत होता.
उरलेले दोन राहिले. यंत्राची बॅटरी गेली.

१७ फेब्रु., मंगळ.
नणंदेशी तासभर बोलले. नथेचं नावही काढलं नाही. डबी घरीच असेल म्हटल्यावर महिन्यात पहिल्यांदा तिच्याशी मोकळं हसले.
मनूचा फोन. साहेबांना जात्याचा व्हिडिओ आवडला, यंत्रासमोर फिरता पाट बसवणार म्हणे. रविवारी उरलेले दोन बघू. पण मने, तिसरा पेरणीलाच, तू समोर असताना.
डबा तुझ्या बापाबरोबर पाठवतेय. त्यात मऊ नानकटाई भरून पाठव. दोन रविवारांची घाल, एक तू विसरशीलच.