आमच्याकडे आग लागत नाही

९ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांची गादी जळाली. चालू इस्त्री गादीवर ठेवून साहेब फोनवर बोलत बसले. बंब आला. मी जिन्यात उभा राहून जवानांना सूचना देत होतो. त्यातला मिशीवाला म्हणाला, काका, बाजूला व्हा. घाईत होता, नाहीतर आभार मानले असते.
वर येऊन बायकोला सांगितलं, आपल्याकडे असला निष्काळजीपणा चालणार नाही. उद्यापासून फायर सेफ्टी माझ्याकडे. ती म्हणाली, आधी गीझर बंद करा, सकाळपासून चालू आहे.
गीझर हा वेगळा विषय आहे.

१० जानेवारी, सकाळी
पाहणी केली. परिस्थिती भयंकर. एका सॉकेटला मल्टीप्लग, त्याला एक्स्टेंशन, त्याला आणखी एक एक्स्टेंशन, आणि वायर गालिच्याखालून. हे कुणी केलं, असं विचारलं. बायको आणि कन्या माझ्याकडेच बघत राहिल्या. असो. कुणी केलं यापेक्षा पुढे काय, हे महत्त्वाचं. सगळं उपटून टाकलं.

संध्याकाळी
त्यात फ्रिजही होता. दूध नासलं.

१३ जानेवारी
स्मोक अलार्म आणला. स्वयंपाकघरात लावला तर तव्यावर काहीही टाकलं की किंचाळतो. बायकोनं त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं. शेवटी काढून गॅलरीत लावला. आता एकदम शांत. म्हणजे घर सुरक्षित आहे.

१७ जानेवारी
फायर ड्रिल. शिट्टी वाजली की सगळ्यांनी खाली पार्किंगमध्ये जमायचं, लिफ्ट वापरायची नाही. बायकोची ऑनलाइन मीटिंग. कन्या आंघोळीला. आई तेवढी आली, गुडघे धरत, एकेक पायरी. खाली पोचून म्हणाली, आता काय? म्हटलं, आता वर जायचं.
नंतर दिवसभर बोलली नाही. दमली असेल.

२० जानेवारी
आईच्या खोलीत तर कहर. हीटर पलंगाला खेटून, आणि त्याच्यावर चक्क ओले मोजे वाळत घातलेले! हीटर जप्त. माळ्यावर टाकला. आई म्हणाली, अरे, मोजे नाही घालणार, लांबही ठेवीन, पण पाय गोठतात रे. तिला जादा रजई दिली. बायकोचं म्हणणं, नुसता सरकवला असता तरी भागलं असतं. याला तडजोड म्हणतात. आगी तडजोडीतूनच लागतात.

२३ जानेवारी
आई ताईकडे गेली. म्हणाली, चार दिवस जाऊन येते. बॅग मात्र मोठी होती.
दुपारी ताईचा फोन. आईला सर्दी झालीय, पाय सुजलेत, तू तिला गारठवलंस. मी शांतपणे विचारलं, तुझ्याकडे हीटर पलंगापासून किती लांब आहे? तिनं फोन आपटला. लोकांना मुद्द्याचं बोललेलं चालत नाही.

२७ जानेवारी
आईच्या खोलीत जाऊन सॉकेट तपासलं. काहीही लावलेलं नाही, त्यामुळे धोका शून्य. थोड्या वेळानं पुन्हा तपासलं. तिथे बसवत नाही, बाहेरही बसवत नाही. ऑफिसातही लक्ष लागेना, म्हणून तिथल्या वायरी बघत फिरलो. साहेब म्हणाले, जागेवर बसा.
बायको म्हणते, जाऊन माफी मागा. माफीचा प्रश्नच येत नाही. चुकलो असतो तर गोष्ट वेगळी.

३० जानेवारी
आई उद्या येणार! ताईला फोन बायकोनं केला, पण भावना माझ्याच होत्या. बायको तिला आणायला जाईल, मी गरमागरम बटाटे तळून ठेवीन. आईला आवडतात. कन्या म्हणाली, बाबा, मी तळते. म्हटलं, उकळतं तेल म्हणजे खेळ नाही. इथे जबाबदार माणूस लागतो.

३१ जानेवारी
जमेल तसं लिहितो.
कढईत तेल ओतलं, गॅस मोठा केला, तेवढ्यात बेल. बँकवाले. अलार्म कुठून घेतलात, विचारायला आले होते. कुणीतरी विचारायला आलं! त्यांना गॅलरीत नेलं. समजावून सांगितलं की घरातल्या आगी बहुतेक स्वयंपाकघरात लागतात, गॅस चालू ठेवून माणूस दुसरीकडे गेला की. ते म्हणाले, तुमच्याकडे काही जळतंय का? म्हटलं, छे, अलार्म कुठे वाजलाय?
मग धूर दिसला.
कढईतून ज्वाळा थेट फळीपर्यंत. शेजारी लटकवलेला टॉवेल पेटलेला. मी बादली भरून उचलली. कन्या धावत आली, ओरडली, बाबा, तेलावर पाणी नको! आणि मला ढकललं. खरंच ढकललं. गॅस बंद केला, कढईवर मोठं झाकण सरकवलं, टॉवेल चिमट्यानं सिंकमध्ये ओढला. विझलं. तिचा हात भाजला. मी बादली धरून उभा.
बंब बँकवाल्यांनी बोलावला होता. मिशीवाल्यानं कन्येची पाठ थोपटली. मला म्हणाला, काका, बादली ठेवा आता खाली.
वळलो तर दारात आई.

१ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, फोड आहे, डाग राहणार नाही. कन्येला विचारलं, हे सगळं तुला कुणी शिकवलं? शाळेत, म्हणाली. सकाळपासून येता-जाता विचारतोय, दुखतंय का. शेवटी म्हणाली, बाबा, तुम्ही विचारलं की दुखतं.
हीटर माळ्यावरून काढला, पुसला, आईच्या खोलीत पलंगापासून लांब ठेवला. आईनं बटण दाबून तो चालू केला. मला काहीतरी बोलायचं होतं, प्लग तपासून बाहेर आलो.
ताईचा फोन आला, आईला न्यायला येऊ का? आई म्हणाली, नको गं, मी आता इथून हलत नाही. याला घरात एकटं सोडणं धोक्याचं आहे.

३ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात मला बंदी. आईनं दाराबाहेर खुर्ची टाकून दिलीय. काही हवं असेल तर तिथून मागायचं.
चहा मागितला. मिळाला. कप हातात देताना आई म्हणाली, गरम आहे, जपून.
म्हटलं, आई, मला कळतं तेवढं.
जीभ भाजली.