बीटावर ढकललेला रंग

गुरुवार, संध्याकाळ

लघवी आजही लालच. किडनीभर पाण्याच्या गाठी, त्यातली एक फुटली. डॉक्टर म्हणाले, पडून राहा, उठायचं नाही. आधीचे तीन दिवस मी तो रंग बीटाच्या कोशिंबिरीवर ढकलत होतो. बायकोने बीट बंद केलं, रंग तोच. गावभर टोमणे मारणारा माणूस भाजीमागे लपतो काय?

मघाशी लेक पाणी घेऊन आली. "बाबा, आजोबाले हेच होतं, आता तुम्हाले. माझी तपासणी काहून नाही करून राहिले?"

टोमणा न मारता "करू," म्हणालो. ती ग्लास धरून उभीच. खोलीतून पळून जावंसं वाटलं, आणि डॉक्टरांनी नेमकं उठायलाच मनाई केलीय.