कौलं उतरवलेल्या घरांची मतं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले, ते जीव भांड्यात पडलाय म्हणून. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी कागद कशाला खराब करतेस. करू द्या. सरपंचाची निवडणूक झाली, वरच्या पाड्यानं मतदान केलं, आणि त्यातलं एक मला कुणाला तरी सांगायचंय. जिवंत माणसांत सांगण्यासारखं कुणी नाही.

शहापूरचं तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. शाळेतून निवृत्त झालात आणि तिथंच आपलं मंडळ सुरू केलंत. कुठल्या पक्षाचं नाही, कुठल्या पुढाऱ्याचं नाही. गावोगाव जायचं, मतदार यादी लोकांसमोर मोठ्यानं वाचायची, कुणाचं नाव गळलं असेल तर ते परत चढेपर्यंत पाठ सोडायची नाही, एवढंच काम. तुम्ही पाटावर बसून वाल सोलताय आणि आम्ही पाच-सहाजण भिंतीला टेकून तुमची बोलणी खातोय. एकदा निवडणुकीच्या तोंडावर एका उमेदवाराच्या बायकोनं हळदीकुंकू केलं, वाण म्हणून स्टीलचा डबा वाटला, आणि मी शहाणी तो घेऊन थेट तुमच्याकडे आले. तुम्ही डब्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. 'कुंकू राहू दे कपाळावर. डबा आत्ताच्या आत्ता परत देऊन ये.' मी म्हटलं, सगळ्याच बायकांनी घेतलाय. तर म्हणालात, 'सगळ्या उद्या लोकांच्या दारात यादी वाचायला जाणारेत का? तू जाणारेस.' वाटभर मी तुम्हाला मनात शिव्या घालत गेले. तेव्हाही माझ्या नाकावर रागच असायचा, आताही असतो.

यंदा भात पोटरीला आलं तेव्हा नवी यादी लागली. मी नेहमीसारखी आमच्याच ग्रामपंचायतीतल्या वरच्या पाड्यावर गेले, पारावर बसून वाचायला लागले, तर यादी संपली तरी निम्म्या घरांची नावंच आली नाहीत. लोक हसायला लागले, म्हणे ताई पान चुकली. पान कसलं चुकतंय! पाड्याची अख्खी वरची आळी गायब. मग शोध घेतल्यावर कळलं, तपासणीला बाहेरून आलेला माणूस वैशाखात चढून गेला होता. वैशाखात तिथं काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पावसाआधीची शाकारणी. त्या पाड्यात एकेक घर नाही घेत. एकमेकांच्या हाताला हात लावून आळीच्या आळी एकदम उघडतात, कौलं अंगणात रचतात, कुजके वासे काढून टाकतात, आणि छपरं परत चढेस्तोवर चुलीसकट आळीमागच्या झाडाखाली मांडवात राहतात. तो गेला त्या दिवशी बायाबापये सगळे वासे आणायला रानात. त्या बिचाऱ्याला दिसलं काय, तर छप्पर नसलेली घरं आणि चिटपाखरू नाही. लिहून मोकळा झाला, घरं पडकी, माणसं गाव सोडून गेली. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा असं म्हणालं नसतं. पण तो शहरातला, डोक्यावर जन्मभर स्लॅब, कौलं उतरवायची असतात हे त्याला कुणी सांगावं? हे आता लिहिताना सुचतंय. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीकच गेली होती.

घरी आले तर धाकटा दीर ओट्यावर बसलेला. सरपंचकीला उभं राहणाऱ्या एकाचं काम तो मनापासून करत होता. त्याला पाड्याचं सांगितलं तर तो थंडपणे म्हणाला, 'वयनी, तो पाडा आपल्याला कदी मत देत नाय. गेली नावां तर गेली. तुमी कशाला मदी पडताव?' त्याचं ते 'आपल्याला' मला टोचलं, कारण ते खोटं नव्हतं. हा माणूस निवडून आला तर आमच्या वाडीला नळ येईल असं मलाही वाटत होतं. त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूचा माणूस हजर, म्हणे नावं परत चढवायला पाड्यातल्या लोकांना तालुक्याच्या कचेरीत न्यायला आमची जीप घ्या. त्यालाही मी वाटेला लावला. दोन्हीकडून वाईट झाले, म्हणजे तुमच्या हिशेबानं बरोबर चालले होते.

अर्ज भरले, पण सुनावणीची तारीख आली ती नेमकी कापणीत. उभं भात टाकून तालुक्याला कोण येणार? मी कचेरीत गेले आणि सुनावणी घेणाऱ्या मॅडमना म्हटलं, तुम्हीच वर चला. त्या म्हणाल्या, तसं करत नाहीत, लोकांनी यायला हवं. मी म्हटलं, मॅडम, प्रश्न घर आहे की नाही हाच आहे ना? माणसं आणीन मी, पण घर काही कचेरीत यायचं नाही. जरा आवाज चढलाच माझा. वाटलं, आता घालवतायत हाकलून. पण त्या हसल्या आणि खरंच आल्या, घाम पुसत, दोनदा बसत. वर आळीत छपरं पुन्हा चढलेली, कौलांतून धूर निघतोय, अंगणात भाताचे भारे. बायका विळे हातात घेऊनच वावरातून आल्या. सगळ्यांत पुढे ती म्हातारी, जिच्या घरी तुम्ही नाचणीची भाकरी मागून घ्यायचात. मॅडमनी विचारलं, आजी, तुम्ही इथंच राहता का? म्हातारी म्हणाली, 'हितंच तर हाव गो. कौलां उतरवली म्हनून मानसां मेली का?' मॅडमनी तिथंच बसून कोरा चहा घेतला, घरोघर फिरल्या, आणि नावं परत आली. सगळी आली, बाई.

मतदानाच्या दिवशी म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून खाली उतरली. मी शाळेच्या फाटकाबाहेर, आपल्या मंडळाच्या जागी उभी. ती बाहेर आली ती शाईचं बोट वर धरूनच, आणि मला म्हणाली, 'माजं नाव मोठ्यानं वाचलं गो त्यानी. समद्यांनी आयकलं.' मला रडूच आलं. इतके महिने छातीवर धोंडा होता, तो उतरला. घरी जाऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि भरदुपारी आडवी झाले ती संध्याकाळी दिव्याच्या वेळेलाच उठले.

मोजणीत आमच्या वाडीनं दिराच्या माणसाला पुढं काढलं आणि पाड्याची पेटी आली तशी तो मागे पडला. थोडक्यात गेला. नळाचं आता नव्या सरपंचाच्या मागं लागावं लागेल, लागेनच. दीर माझ्याशी धड बोलत नाही, बोलला तर एवढंच, की तुमी गप बसल्या असत्या तर आपला मानूस आज खुर्चीत असता. आपल्या मंडळातल्या बाईनं कुणाला मत दिलं ते वाऱ्यालाही कळता नये, म्हणून हा कागद लिहून झाला की चुलीत जाईल. तुम्ही तर कुणाला सांगणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. पाड्याची मतं मोजत होते ना, तेव्हा घटकाभर मीही तेच म्हणत होते मनात, जे दीर आता तोंडावर म्हणतो.