गाडग्यातल्या माशा

मामंजी, तुमच्या हयातीत सून सासऱ्यापुढे तोंड उघडत नसे, आणि माझं तोंड उघडायला लागलं तोवर तुम्ही निघून गेला होतात. म्हणून हे आज लिहायला घेतलंय. आता मी तुमच्यापेक्षाही वयाने मोठी झालेय. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण तो हरभरा आठवतो. लढाई चालू होती. तुमचा मुलगा पलटणीबरोबर कुठेतरी लांब होता, आणि मी शिराळ्याकडून आलेली नवी सून, साताऱ्याजवळच्या तुमच्या गावात अजून पाहुण्यासारखीच वावरत होते. पाण्याचा हंडा कुठे ठेवायचा हेसुद्धा विचारून ठेवायचे.

विटाळशी बाईने हरभऱ्यात पाऊल टाकायचं नाही, हा तुमच्याकडचा कडक नेम. घाटे धरायला लागले त्या दिवसांत मी तुमची भाकरी घेऊन रानात आले होते. थोड्याच दिवसांत हिरवी अळी पडली. घाट्याला भोक पाडून डोकं आत घालायची आणि दाणा फस्त करायची. सासूबाईंनी दोन्हीचा मेळ घातला. शेजारणींनी माना डोलावल्या. जिने आणली तिनेच वेचावी, असं ठरलं, आणि माझ्या माहेरी निरोप गेला, की पोरीला येऊन घेऊन जा. नवरा लढाईवर असताना माघारी धाडलेल्या पोरीचं माहेरात काय होतं, ते मी माझ्या चुलत बहिणीच्या बाबतीत पाहिलं होतं. तिला कोणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त तिच्याशी बोलणं सगळ्यांनी कमी करत नेलं.

तर मी वेचत होते. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब बोटांच्या चिरांत शिरून आग व्हायची. अळीची किळस मला नव्हती. शिराळ्याकडे नागपंचमीला घरातल्या बाप्यांच्या हातात जिवंत नाग बघत वाढलेल्या पोरीला अळीचं काय वाटणार? वेचलेल्या अळ्या कोंबड्यांना घालायच्या होत्या. पण काहींच्या मानेमागे पांढरे ठिपके दिसले, तिळाच्या कणीएवढे, चिकटवल्यासारखे. नखाने काढायला गेलं तर निघेनात. मला वाटलं या रोगट असतील, कोंबड्यांना बाधतील, आणि कोंबड्या मेल्या तर तेही माझ्याच कपाळी येईल. म्हणून त्या वेगळ्या गाडग्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर मजेत पाला खातायत. मग मलाच उत्सुकता लागली. तळाला माती, वर पाला, तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी, आणि गाडगं गव्हाणीमागे.

ते सासूबाईंना सापडलं. सून घरात अळ्या पाळते म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? करणीचा शब्द पहिल्यांदा तेव्हा निघाला. त्या गाडगं घेऊन तुमच्यासमोर उभ्या आहेत, आणि मी दाराआड. तोवर माझ्याशी काही बोलायचं असलं तर तुम्ही भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचात. त्या दिवशी सरळ मला विचारलंत.

"काय ठेवलंयस ह्यात?"

"आळ्या हायत. मानंवर पांढरं हाय त्येंच्या. बाकीच्यांच्या न्हाई."

तुम्ही चिंधी सारून आत बघितलंत. बराच वेळ बघितलंत.

"मग झाकून ठीव. बघू काय व्हतंय."

एवढंच. तुमच्याशी माझं पहिलं बोलणं अळ्यांवर झालं. पुढे रोज रानात जाण्याआधी तुम्ही गव्हाणीमागे डोकावायचात, आणि तुम्ही गेलात की मी. अळ्या मलूल झाल्या, काळ्या पडल्या, आणि त्यांच्या अंगातून पांढरे किडे बाहेर पडून मातीत शिरले. मातीत तांबूस दाणे झाले, लहानशा गव्हासारखे. मला वाटलं, संपलं सगळं. आणि मग चिंधीखाली भणभण ऐकू आली.

त्याच दिवशी माझा थोरला भाऊ न्यायला आला. सोप्यात मान खाली घालून बसला होता. सासूबाईंनी माझी पेटी दाराशी आणून ठेवली होती. शेजारपाजार जमला होता. तुम्ही गोठ्यातून गाडगं घेऊन आलात आणि भावाच्या पुढ्यात ठेवलंत. चिंधी सोडली. करड्या, केसाळ, घरातल्या माशीपेक्षा दांडग्या माशा एकेक करून काठावर आल्या, पंख पुसत बसल्या आणि उडाल्या.

"पावणं," तुम्ही म्हणालात, "माझ्या सुनंनं रानात अळी आणली म्हणं. मग अळीला खाणारी ही माशी बी तिनंच आणली आसंल. आसली सून कोण माघारी धाडतंय? जेवा आनि जावा."

भाऊ जेवला आणि एकटाच गेला. पेटी मीच उचलून आत नेली. त्या रात्री मी पोटभर रडले आणि पोटभर जेवले.

त्या वर्षी हरभरा निम्माच हाती आला, पण आला. तुम्ही वेचणाऱ्यांना सांगून ठेवलंत, की मानेवर पांढरं असेल ती अळी मारायची नाही, झाकल्या गाडग्यात टाकून बांधावर ठेवायची, आणि माशा झाल्या की चिंधी सोडायची. गावात आधी हसले, मग करू लागले. सासूबाईंनी मला मनापासून माफ केलं असं नाही, पण पुढच्या हंगामात माझ्या शेजारच्या ओळीत बसून वेचू लागल्या, आणि पांढरी दिसली की न बोलता माझ्याकडे द्यायच्या.

माझी नात शेतकी कॉलेजात शिकते. ती सांगते, या माशांचं मोठं कुळच आहे. कोणी अळीवर अंडी घालते, कोणी भुंग्यावर, कोणी नाकतोड्यावर. ते पांढरे ठिपके म्हणजे अंडीच. ती मोठ्या हौसेने सांगत होती, आणि मी पहिल्यांदाच ऐकते आहे असं दाखवून ऐकत होते.

मामंजी, तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, की त्या दिवशी मी विटाळशी होते का. विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं. तुम्हाला ते ऐकायचंच नव्हतं, कारण त्याने काही फरक पडत नाही असं तुम्ही ठरवून टाकलं होतं. त्या काळी, त्या गावात. याचे उपकार मी कसे फेडणार? माझ्या सुनांना आणि नातींना मी तो प्रश्न कधी विचारला नाही, एवढंच मला जमलं.

हा कागद पाठवायचा कुठे? घडी घालून लुगड्यांत ठेवून देईन. जाता जाता एक सांगते, रागावू नका. तुमचा चेहरा मला आठवत नाही. विसरले असं नाही. तुमच्या घरात इतकी वर्षं काढली, पण मान वर करून मी तो कधी पाहिलाच नाही.