साहेब रजा देत नाहीत

अल-खोबर,
गुरुवार, १९ जुलै २००७

ती. दादा,

शिरीषचा साष्टांग नमस्कार (या वेळी खरोखरच आडवा पडून घातलाय असं समज, पत्र संपेपर्यंत त्याची गरज पडणार आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? सरोजवहिनींचं पित्त? गच्चीतल्या कुंड्यांना मिरच्या लागल्या का? इकडे आम्ही तिघंही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. चित्रा गेल्या आठ दिवसांत माझ्याशी एकूण चाळीसेक शब्द बोलली आहे, शर्विल जे काही बोलतो ते इंग्रजीत बोलतो, आणि बाहेर सत्तेचाळीस डिग्री आहे.

हे पाकीट तुला सुशील आणून देईल, तो उद्या रात्री सुट्टीवर घरी निघतोय. (आमच्या वरच्या मजल्यावरचा, आपल्या कॉलेज रोडचाच. गेल्या वर्षी खजूर द्यायला आला आणि जेवून गेला, तो.) त्याला चहा दे, पोहे दे, पण त्याने तोंड उघडायच्या आत तू पाकीट उघड. कारण तो हसत हसत विचारणार की शिरीषची फ्रान्सची ट्रिप झकास झाली म्हणे, आणि तू म्हणणार, कसली ट्रिप, त्याला तर साहेब रजाच देत नाहीत. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दादा, साहेबांनी रजा दिली होती. मे महिन्यातच दिली होती. पंधरा दिवस, भरपगारी.

मे महिन्यात तू फोनवर जे बोललास ते मला पाठ आहे. आई माणसं विसरायला लागली आहे, मला दोनदा अण्णा म्हणाली (अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली), तुला अजून ओळखते, तर याच सुट्टीत ये, पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही. आणि मी श्वासही न घेता म्हणालो की साहेब रजा देत नाहीत. कुठून आलं तोंडात, देव जाणे. मंजूर झालेला अर्ज तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होता. साहेब बिचारा भला माणूस. त्याने न वाचता सही केली आणि वर म्हणाला, तुझ्या आईला माझा सलाम सांग. आणि आता तू सांगतोस, आई रोज सकाळी विचारते, साहेबाने शिरीषला सोडलं का, आणि मेल्याला स्वतःची आई नाही का म्हणून त्याचा उद्धार करते. त्या शिव्या कुणाला लागायला हव्यात ते मला ठाऊक आहे, दादा, आणि त्या लागतायत.

चित्राला मात्र बोल लावू नकोस. लग्नानंतर मी तिला हरिहरेश्वरला नेलं होतं आणि तिथे वाळूत बसून (माणूस वाळूत बसला की वाट्टेल ते कबूल करतो) म्हणालो होतो, पुढचा समुद्र परदेशी दाखवीन. तो दाखवलाही, पण दम्मामचा. अठरा वर्षांत तिने सासर पाहिलं, माहेर पाहिलं आणि खोबरची कॉर्निश, म्हणजे समुद्राकाठचा फिरायचा रस्ता, पाहिली. दर रजेला कुणाची तरी मुंज, कुणाचं तरी ऑपरेशन, कधी आपल्या गच्चीची गळती. हूं की चूं केलं नाही बाईने. यंदा शर्विल दहावीला जाणार म्हणून तिने एकदाच, भांडी विसळता विसळता, आपलं ते राहिलंच हो, एवढंच म्हटलं. ते ऐकून मी नीस, कान, मोनाको अशी आठ रात्रींची भूमध्य समुद्राची सहल ठरवली. संस्कृती, साहस आणि प्रणय, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. तिने एक मोठ्या काठाची टोपी घेतली आणि खोबरमधल्या यच्चयावत मराठी बायकांना सांगितलं. मला वाटलं, आधी हिचा समुद्र, मग आईचं पाहू. आईचं पाहू म्हणणारा मुलगा कुठल्या मातीचा असतो हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

आता व्हिसाचं ऐक. कुठल्या देशाची वकिलात ते लिहीत नाही, पासपोर्ट अजून त्यांच्या ताब्यात आहेत. बारा वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा कंपनीकडचे इंजिनिअरचे व्हिसा संपले होते, पण आमच्या कफीलाच्या, म्हणजे मालकाच्या, कोंबड्यांच्या फार्मचे शिल्लक होते. म्हणून माझ्या इकाम्यावर, जे इथलं आमचं ओळखपत्र, त्यावर व्यवसाय आहे कुक्कुटपालन तज्ज्ञ. बारा वर्षं कुणाचं काही अडलं नाही. खिडकीमागच्या बाईंना मात्र कंपनीच्या पत्रात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर दिसला आणि इकाम्यात कोंबड्या दिसल्या. त्यांनी विचारलं, यातलं खरं काय? मी घाबरून म्हणालो, दोन्ही. (दादा, मी आयुष्यात जिवंत कोंबडीला हात लावलेला नाही. आपल्या घरात अंडंसुद्धा आणलेलं अण्णांना चालत नसे.) दोन्ही म्हटल्यावर त्यांनी विचारलं की सध्या बर्ड फ्लूची एवढी साथ असताना कोंबड्यांत वावरणारा माणूस युरोपात का येतोय. मी म्हणालो, बायकोला समुद्र दाखवायला. हे एकच वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि नेमकं तेच त्यांना पटलं नाही. फाईल आरोग्य खात्याच्या अभिप्रायासाठी त्यांच्या देशात गेली आणि आमचं विमान बारा तारखेला आमच्याशिवाय गेलं.

पुढची गंमत (गंमतच म्हणायचं) अशी की इथे परदेशी माणसाकडे एका वेळी एकच कागद असतो. पासपोर्ट कंपनीकडे, इकामा खिशात. रजेवर निघाला की इकामा कंपनीकडे, पासपोर्ट खिशात. माझा इकामा कंपनीकडे जमा आणि पासपोर्ट वकिलातीत. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, तसा मी बसलोय. पोलिसाने अडवलं तर मी कोण हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नाही. त्यातून साऱ्या गावाला सांगून झालेलं, म्हणून आम्ही स्वतःच्याच घरात लपून राहतो. पडदे ओढलेले, टीव्ही मुका. एसी बंद ठेवला तर जीव जातो, चालू ठेवला तर त्याचं पाणी खालच्या बाल्कनीत टपकून बिंग फुटतं, म्हणून त्याखाली बादली. ती दर तीन तासांनी मी रांगत जाऊन रिकामी करतो (माहितीपत्रकातलं साहस ते हेच असावं). शर्विल रोज सकाळी कार्यक्रमाचा कागद घेऊन येतो आणि जाहीर करतो, डॅड, टुडे वी आर इन मोनाको. संध्याकाळी चित्रा स्वयंपाकघरातल्या खिडकीशी टोपी घालून बसते. तिथून दोन इमारतींच्या मधून पट्टीएवढा समुद्र दिसतो. मी एकदा शेजारी जाऊन बसलो. ती म्हणाली, सरका, दिसत नाही. एवढाच काय तो प्रणय.

मंगळवारी दूध संपलं. कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून मी डोकं लढवलं आणि भर दुपारी नमाजाच्या वेळी बाहेर पडलो. त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बारा वर्षं इथे काढूनही हे माझ्या डोक्यात आलं नाही की नमाजाच्या वेळी दुकानही बंदच असतं. अर्धा तास त्या शटरसमोर उन्हात उभा होतो. शटर वर गेलं आणि मागून गाडी थांबली, सुशीलची. अरे, तू फ्रान्सला ना? मी म्हणालो, कालच परतलो. त्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, रंग काय मस्त चढलाय रे, भूमध्य समुद्राचं ऊनच वेगळं! तेव्हापासून मी गेलोही आणि आलोही. गेलो असतो तर निदान तुझ्याशी बोललेलं खोटं सत्कारणी तरी लागलं असतं.

आमच्या ऑफिसात नसरुद्दीन म्हणून हैदराबादचा कारकून आहे, सगळ्यांचे कागद तोच सांभाळतो. त्याने उपाय सुचवला की साब, घर से फॅक्स मंगाओ, मदर सीरियस, दो दिन में पासपोर्ट हाथ में. इथे सर्रास करतात. तेवढं मात्र माझ्याच्याने झालं नाही. त्याला म्हटलं, माझी आई ठणठणीत आहे. एवढं सगळं तुला लिहून टाकलं. माफ कर असं म्हणत नाही, पण सुशील समोर असताना निदान मोठ्याने चिडू नकोस.

तुझा,
शिरीष

ता. क. (शुक्रवार, सकाळ) नसरुद्दीन आत्ताच येऊन गेला. पासपोर्ट मिळाले, दादा! तिघांचेही व्हिसे लागले. कोंबड्या निर्दोष सुटल्या. रजेचे सहा दिवस अजून उरलेत आणि रविवारच्या विमानात जागा आहेत. चित्रा आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. तेव्हा वरचा पश्चात्ताप खोटा नाही, पण आठवडाभर पुढे ढकल. खरं मागणं एवढंच की आईने विचारलं तर आणखी आठच दिवस सांग, साहेब रजा देत नाहीत.

ता. क. दुसरा (शुक्रवार, दुपार) नेहमीसारखा घरी फोन केला. तू आणि वहिनी बाहेर गेला असाल, आईनेच उचलला. मी म्हणालो, आई, मी बोलतोय, सौदीहून. ती म्हणाली, कोण? म्हटलं, अगं, शिरीष. तर एकदम हिंदीत सुरू झाली, तिच्या त्या नाशिकरोडच्या हिंदीत. हां हां, शिरीष का ही पूछना है. साहेब, तुम बडे आदमी, हमारे लडके को चार दिन छोडो. पगार काटो. हमको अब सब लोग याद नहीं रहते, उसका तोंड अभी याद है, तब तक भेजो. वो खोटा नहीं बोलता, साहेब, तुम नहीं बोले इसलिए नहीं आया.

मी तीनदा सांगितलं, अगं आई, मीच तो. तिन्ही वेळा ती म्हणाली, हां, वोही, वोही. मग माझ्या लक्षात आलं की तिला मी नको होतो, तिला साहेब हवा होता. मी घसा खाकरून जाड आवाज काढला आणि म्हणालो, ठीक है, माँजी. छोड दिया. सोमवार को पहुँचेगा. त्यावर तिने माझ्या बालबच्चांना भरभरून आशीर्वाद दिले आणि फोन ठेवला.

चित्रा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. थोड्या वेळाने म्हणाली, नसरुद्दीनला सांगा, रविवारचीच तिकिटं घ्यायची, पण मुंबईची. मग न्हाणीघरात जाऊन दार लावून रडली. मी आत गेलो नाही. तिलाही रडायचा हक्क आहे.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं दारात उभे असू. दादा, आईने माझ्याकडे पाहून कोण म्हणून विचारलं, तर तू माझं नाव सांगत बसू नकोस. म्हण, साहेबाने पाठवलाय.