तीन पायऱ्या मागे

नागपूर, ४ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप कमळाकरमामांस,
दिपिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. चाळीस वर्षं विमानांच्या इंजिनांपाशी काढलीत, कानांना तरी किती बोल लावायचा! मला इथल्या हँगरमध्ये लागून महिना झाला. जेवण बरं आहे, मासळी मात्र नावालाच. काम आवडतं, पण हातून काही राहून जाईल अशी सारखी धास्ती वाटते. तुम्ही कसं निभावलंत?

मामींना नमस्कार.

तुमची,
दिपिका

पनवेल, ११ जानेवारी

चि. दिपिकास अनेक आशीर्वाद.

धास्ती वाटते ते चांगलंच. ज्याला वाटत नसे, त्याच्या हाती मी पाना देत नसे. आमचे उस्ताद शकीलभाई सांगत, कामात कोणी हाक मारली तर परतल्यावर थांबलो तिथून पुढे जायचं नाही. तीन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची. झाकण लावण्याआधी हत्यारं मोज. वायर क्लॅम्पखाली घासते, तिथे आरसा घालून बघ. आणि चुकलीस तर लगेच सांग, लपवू नकोस.

आता विमानं आपल्या घरावरून जातात. तुझी मालूमामी शेजारणींना सांगते, हे आमच्या दिपिकानंच नीट केलं. मी नाय म्हटलं की चहा उशिरा मिळतो.

वेळेवर जेव, खुशाली कळवत जा.

तुझा मामा,
कमळाकर

नागपूर, २ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस, सा. न.

काल चाकाचे नट आवळत होते. मध्येच दुसऱ्या कामाला बोलावलं. परत आले, उरलेले नट आवळले, कागदावर सही केली. विमान बाहेर ओढायला ट्रॅक्टर जोडला, तेव्हा आठवलं की मी तीन पायऱ्या मागे गेलेच नव्हते. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण धावत जाऊन आमचे मुख्य मेकॅनिक आनंदासाहेब यांना सांगितलं.

त्यांनी विमान थांबवलं, एकेका नटाला पाना लावला. सहावा नट अर्धा फेरा फिरला. प्रवाशांना तासभर उशीर झाला. मला वाटलं, नोकरी गेली. साहेबांनी पाना माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, की आता तूच आवळ. पाना दोनदा नटावरून घसरला, तर त्यांनी तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघितलं. मग माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली.

विमान उडालं. चाकं पोटात जाईपर्यंत मी उन्हात उभी होते, मामा, आणि मग पोटभर रडले.

अशीच माया राहू द्या.

तुमची,
दिपिका